लंगड्या पाणबुड्याची अर्धी गोष्ट

बाबा, त्या लंगड्या पाणबुड्याचं पुढं काय झालं, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. म्हणजे सांगायला निघाला होतात, मीच सांगू दिलं नाही. तुम्हाला जाऊन चाळीसएक वर्षं झाली. आता विचारून उपयोग नाही हे मलाही कळतं, मी चौथी शिकलेय, खुळी नाही. पण दुसऱ्या कुणाला विचारू? आई गेली, आत्या गेली, तुमच्या बोटीवरचे आपल्या गावचे दोघे तर तुमच्याही आधी गेले. त्या बेटाचं नाव घेतल्यावर मान हलवील असं माणूस आता या पृथ्वीवर एकच उरलंय, ते म्हणजे मी, आणि मला निम्मंच ठाऊक आहे.

मी सिंगापुरात असते, लेकाकडे. तुमची बोट इथं तीनदा लागली होती म्हणायचात, आणि तिन्ही वेळा तुम्ही खाली इंजिनात, आगीपुढं. बंदराचे दिवे तेवढे बघितलेत. मी सहा वर्षं राहतेय आणि मीही फार काही जास्त बघितलेलं नाही. पुंगोल म्हणून भाग आहे, समुद्राकाठी, सगळ्या इमारती नव्या, सगळी बिऱ्हाडं तरणी, जिकडे बघावं तिकडे बाबागाड्या. आमचं घर बाराव्या मजल्यावर. लेक सकाळी बुओना व्हिस्टाला ऑफिसात जातो, सून बँकेत जाते, नात शाळेत जाते. दार लागलं की लागलं. मग मी, फ्रिज आणि खालून गोल गोल फिरणारी ती बिनड्रायव्हरची छोटी आगगाडी. दुपारी इमारतीखाली मोकळ्या जागेत बाकावर जाऊन बसते. तिथं एक चिनी म्हातारी येते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. ती तिचं सांगते, मी माझं सांगते, तासाभराने दोघी आपापल्या लिफ्टने वर जातो. चार वर्षं झाली, एकदाही भांडण नाही. घरात तेवढं जमत नाही.

नात बारा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, बोलत मात्र नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं समोरचीला ऐकू कमी येतं. शाळेतून आली की खाते आणि खोलीचं दार लावते. मी तिला दोष देत नाही. माझ्याजवळ बसून तिने करायचं काय? लसूण सोलायचा?

मग परवा-परवा तिच्या शाळेत एक काम दिलं. एकाच धंद्यावर जगलेलं आणि तो धंदा बुडालेलं गाव प्रत्येकाने घ्यायचं आणि त्याची सगळी हकिगत वर्गात सांगायची. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हिच्या वाट्याला ग्रीस देशातलं एक बेट आलं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली होती, सून विचारत होती, ही हातातल्या टॅबवरचं वाचून दाखवत होती. उघडा खडक, शेती नाही, प्यायला पाणीसुद्धा पावसाचं साठवलेलं, आणि लोक समुद्राच्या तळाचा स्पंज काढून विकायचे. मी म्हटलं, "लंगडे व्हायचे."

"व्हॉट?"

"पाणबुडे. कमरेखाली लुळे व्हायचे. विचार तुझ्या टॅबला."

तिने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जशी कधी बघत नाही तशी. "आजी, हाऊ यू नो?"

मला कसं ठाऊक! बाबा, मला त्या गावच्या पायऱ्यासुद्धा ठाऊक आहेत. तुमच्या बोटीचा पाण्यातला पंखा मोडला आणि मालक त्याच बेटावरचा, त्याने ती ओढत तिकडे नेऊन बांधून ठेवली, दुरुस्तीचं सामान येईपर्यंत. बाकीच्या माणसांना घरी लावलं, तुम्हाला आणि आणखी तिघांना राखणीला ठेवलं. एक अख्खा हिवाळा तुम्ही तिथं काढलात, त्या लंगड्याच्या घरी, वरच्या आळीत. मी तेव्हा दहा वर्षांची. तुम्ही परत आलात ते तोंडाने ते गाव घेऊनच. आई चुलीपुढं मासे तळतेय, तुम्ही पाटावर बसून बोलताय. म्हणायचात, आधी लोक उघड्या अंगाने उतरायचे, छातीशी एक चपटा दगड धरून, दगड खाली नेईल तिथपर्यंत आणि दम पुरेल तेवढंच. मग तांब्याचं मुंडकं आलं, रबरी अंगरखा आला, वरून हवा सोडणारा पंप आला. माणूस तासभर खाली राहायला लागला. बोटींच्या मालकांनी डोंगरावर पिवळी, निळी घरं उठवली, एकावर एक. खाली धक्क्याला गलबतं बांधणारे सुतार, दोर वळणारे, स्पंज पायाखाली तुडवून साफ करणाऱ्या बायका, सगळं गाव त्या एका मालावर जेवायचं. आणि ज्यांनी तो माल काढला ते काठ्या टेकत त्या घरांच्या पायऱ्यांवर बसायचे, कारण इतक्या खोलातून वर यायचं तर सावकाश यावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा तुम्ही माझ्या डोक्यावर पितळेचं घंगाळ पालथं घातलंत आणि म्हणालात, "ऐक गो, काय ऐकू येतं?" मी म्हटलं, माझाच श्वास. तुम्ही म्हणालात, "बस. खाली तेवढंच असतं."

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती ओट्याजवळचं घडीचं स्टूल उघडून बसली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर टाकून आधी तिथंच. दहा दिवस, बाबा! दहा दिवस ती पोर माझ्यापुढं बसून वहीत लिहीत होती. मी म्हणायचे ते टॅबवर ताडून बघायची आणि सापडलं की ओरडायची, "आजी, करेक्ट लाह! ही नेव्हर ब्लफ!" म्हणजे तुम्ही थापा मारत नव्हतात. गावात निम्म्या लोकांना वाटायचं मारता. मलाही वाटायचं. पुढचंही तिने मला सांगितलं, जे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी त्यांना बंद झालं, स्पंजाला रोग पडला, कारखान्यातला खोटा स्पंज आला, आणि गाव उठून अमेरिका-ऑस्ट्रेलियाला गेलं. घरांची छपरं बसली. आता तिथं उन्हाळ्यात बोटी भरभरून पाहुणे येतात, तीच रंगीत घरं भाड्याने घेतात, आणि दुकानांतून स्पंज विकत घेतात, त्यातला बराचसा म्हणे बाहेरून आणलेला असतो. मी म्हटलं, शाबास. आपल्याकडेही आता बंदरावर मासे खायला येणाऱ्यांना मुंबईहून आलेले मासे घालतात.

तिला मी आपल्या घरातल्या स्पंजाचंही सांगितलं. तुम्ही ट्रंकेतून तो काढलात, फुगलेल्या भाकरीएवढा, पिवळट, आणि आईच्या हातावर ठेवलात. लंगड्याने हिवाळ्यातच कधीतरी दिला होता. म्हणालात, समुद्राचं फूल आहे. आमच्याकडे मऊ, स्वच्छ आणि परदेशी वस्तूची जागा एकच. तिने तो देवघरात नेला आणि रोज सकाळी देवांना अंघोळ घालून त्या फुलाने टिपायला लागली. सहा-सात महिने आपले देव असे मऊमऊ पुसून निघत होते. मग एक दिवस अंगणात तुम्ही कुणाला तरी सांगत होतात की अहो, हे झाड नव्हे, जनावर आहे, ते मारून, कुजवून, धुऊन हा त्याचा सांगाडा उरतो. मी तिथंच होते. धावत आत गेले आणि आत्या बसलेली असताना मोठ्याने ओरडले, "आई, तू देवांना मेलेल्या जनावराने पुसतेस!" आत्या उठून उभीच राहिली. "वहिनी, मासे खातो आपण, ते वेगळं. देवाच्या अंगाला?" आईने गोमूत्र शिंपडलं, देव पुन्हा धुतले, आणि तो स्पंज नेऊन गोठ्यात ठेवला. त्याने ती म्हशीची कास पुसायची. तुम्ही आलात, गोठ्यात बघितलंत, आणि भिंतीला टेकून जरा वेळ उभे राहिलात. नात हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. "गॉड्स ऑलरेडी शिओक, आजी, यू ऑल स्पॉइल मार्केट!" म्हणजे देवांना मजा वाटत होती, तुम्हीच घोळ घातलात. काय चुकीचं बोलली?

पण मग ती विचारायची, "देन?" आणि गोष्ट पंपापाशी येऊन अडायची. तुम्हीही तिथंच अडायचात. लंगडा जमिनीवर दोन काठ्यांचा, पण पाण्यात खोल गेला की त्याचं दुखणं जायचं, पाय हलके व्हायचे, असं तो म्हणायचा. बोट निघायच्या आदल्या दिवशी त्याने तुम्हाला गळ घातली. त्याला आता कुणी खाली सोडत नव्हतं. तुम्ही इंजिनातलं माणूस, पंप तुम्हाला कळतो, पहाटे एकदा उतरवा, एकदाच. तुम्ही पंपाचं चाक हातात धरलंत, आणि इथं तुम्ही आमच्याकडे बघून म्हणायचात, "पुढचं मोठी झालीस की सांगेन."

मी मोठी झाले. एकोणीस वर्षांची. मला बघायला माणसं आली होती. सतरंजीवर मुलगा, त्याचे वडील, त्याचा मामा. तो मामा गोदीत कामाला, त्याने बोटींचा विषय काढला, आणि झालं. तुम्ही सुरू झालात. मी आत जरीचं नेसून चहाच्या ट्रेपाशी उभी, आणि बाहेर कुणाला माझी शुद्ध नाही. सगळे पुढं सरकून बसलेले. मामाने विचारलं, "मग? आला का वर तो?" आणि तुम्ही म्हणालात, "सांगतो." पहिल्यांदा म्हणालात. मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर बोलले, "त्या लंगड्याचं सगळं लक्षात आहे तुमच्या. त्याच हिवाळ्यात इकडे धाकटा जन्माला येऊन गेला, त्याचं काय आहे लक्षात?"

धाकटा अकरा दिवस जगला. तुम्हाला धक्क्यावर उतरल्यावर कुणीतरी सांगितलं होतं. आई तुम्हाला कळवणार कशी, तार कुठल्या बेटावर करणार? तुमचा काहीच दोष नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. रागावला असतात तर बरं झालं असतं. ट्रेमधला कप उचलून मामांच्या हातात दिलात आणि म्हणालात, "चहा गार होतोय, घ्या." मुलाचे वडील जाताना म्हणाले, पोरगी तिखट आहे, आमच्याकडे चालेल. लग्न झालं. आणि तुम्ही त्या बेटाचं नाव परत काढलं नाहीत. आणखी बारा वर्षं जगलात. मी दर मे महिन्यात माहेरी यायचे, तुम्ही पडवीत जाळं विणत बसलेले असायचात. विचारलं असतं तर सांगितलं असतंत. मी आंबे बांधून घ्यायचे आणि मुंबईची गाडी पकडायचे. आई तर त्या दिवशी पाहुणे गेल्यावर भांडी विसळता विसळता म्हणाली होती, "मला ऐकायचं होतं गो." तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं, दर वेळी, त्या पंपापर्यंत.

आता नात म्हणते, "देन? ही कम अप ऑर नॉट?" आणि मी काय केलं? पापणी न हलवता म्हटलं, आला ना. वर आला, हातात हा एवढा मोठा स्पंज. तुझ्या पणजोबांनी दोर ओढला. सगळं गाव धक्क्यावर जमलं, टाळ्या वाजवल्या, आणि तोच स्पंज त्याने पणजोबांना दिला. पोरीचा चेहरा असा काही फुलला. मग मी आणखी घातलं. एका बाईने गाणं म्हटलं. घंटा वाजल्या. दोन दिवस मी त्या घंटा वाजवत होते, कारण गोष्ट संपली की स्टूल मिटणार होतं. तिने शेवटचं पान त्याचंच केलं, तुमचा तो दाढीवाला फोटो लावून, खाली लिहिलं की माझ्या पणजोबांनी पंप फिरवला आणि माणूस वर आला. बाईंना इतकं आवडलं की आईवडिलांना बोलावतात त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हिची निवड झाली. ती नाचत घरी आली. तुमची एक गोष्ट, ओळ न् ओळ खरी निघालेली, आणि तिला खोटं शेपूट मी लावलेलं. तेही तुमच्या फोटोखाली.

रविवारी लेक सगळ्यांना उबीनला घेऊन गेला. छोटं बेट आहे, मचव्यासारख्या बोटीतून जायचं, बारा माणसं भरल्याशिवाय ती सुटत नाही. लेक आणि सून सायकली घेऊन पुढं गेली. मी आणि नात जुन्या दगडाच्या खाणीपाशी बसलो. आता तिथं तळं झालंय, बगळे असतात. ती म्हणाली, हेही तसंच आजी, इथून दगड जायचा, मग खाण बंद झाली आणि लोक फ्लॅटात राहायला गेले. हुशार आहे. मी म्हटलं, तुला एक सांगायचंय, तो माणूस वर आला की नाही मला ठाऊक नाही.

ती म्हणाली, "सो यू ब्लफ मी."

"हो."

"ऑल? द बेल्स ऑल्सो?"

"घंटा तर पहिल्यांदा."

"व्हाय यू नेव्हर आस्क हिम?"

मग मी तिला धाकट्याचं सांगितलं, चहाच्या ट्रेचं सांगितलं. माझ्या लेकालासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, मला बरं वाटलं, रडणारी माणसं मला झेपत नाहीत. फक्त परतीच्या बोटीत माझ्याशेजारी न बसता पुढं जाऊन बसली.

शाळेच्या कार्यक्रमाचं सुनेने फोनवर घेतलं होतं, ते मला दाखवलं. पोर ताठ उभी राहून सगळं बोलली. दगड, मुंडकं, पंप, लुळे पाय, ओसाड घरं, पाहुणे. शेवटच्या पानावर तुमचा फोटो होता, खालची ओळ काढलेली. म्हणाली, तो माणूस वर आला की नाही आम्हाला ठाऊक नाही, कारण माझ्या पणजोबांना कुणी विचारलंच नाही. आणि खाली बसली. टाळ्या जरा उशिरा वाजल्या. जेवताना लेक म्हणाला, "आई, आजोबांचं हे तू मला कधी सांगितलं नाहीस." मी म्हटलं, "तू कधी बसलास?" त्याने आणखी वरण वाढून घेतलं. वरण चांगलं झालं होतं.

त्याला आता तीन आठवडे झाले. नात शाळेतून येते, खाते, दार लावते. रागावलेली नाही, जाता येता "आजी" म्हणते. काम संपलं, एवढंच. तिचं आता दुसरं काहीतरी चाललंय, झाडांचं. झाडांतलं मला काही येत नाही.

तिच्या जुन्या वहीत मागं कोरी पानं होती, त्यांवर हे लिहिलं. लिहून वही तिच्याच कपाटात ठेवणार आहे, तिला मराठी वाचता येत नाही, म्हणजे सुरक्षित आहे. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं. माफीबिफी मागायला मी बसलेले नाही, बाबा. पण एक गोष्ट उबीनला पोरीपुढंही मी गाळली. धाकट्याचं नाव घेऊन मी तुम्हाला गप्प केलं, आणि सगळ्यांना वाटलं की पोरीच्या मनात भाऊ एवढी वर्षं सलत होता. आईलाही तसंच वाटलं, तुम्हालाही वाटलं असणार. त्या दिवशी तो माझ्या मनातसुद्धा नव्हता. मला बघायला आलेली माणसं तुमच्याकडे बघत होती, एवढंच मला दिसत होतं. धाकट्याची आठवण मला बोलून झाल्यावर आली.